टिकलीवर नेम
उद्या ऑफिसातल्या बॉबबरोबर सशाच्या शिकारीला जायचं म्हणून सुधाकर सकाळपासून मिनेसोटातल्या बॅकयार्डमध्ये एअर रायफलच्या दुर्बिणीचा नेम जुळवत होता. प्रत्येक छर्र्यानंतर दुर्बिणीचा स्क्रू फिरवी; पुढचा छर्रा भलतीकडेच जाई. निशाण म्हणून लावलेल्या पेपर प्लेटची चाळण झाली, पण मधोमध एकही भोक नव्हतं. लॅबमध्ये काम करणारी बायको कुमुद बाहेर आली. “अहो, एका रीडिंगवर मशीन कोणी अ‍ॅडजस्ट करतं का? आधी तीन छर्रे मारा, मग स्क्रूला हात लावा.” तिन्ही भोकं डावीकडे, पण एकाच जागी पडली. तिने मोजून स्क्रू फिरवला, कपाळावरची टिकली नव्या प्लेटवर चिकटवली आणि पदर खोचून स्वतःच नेम धरला. फट्! टिकली गायब! सुधाकरने आनंदाने शिट्टी मारली. “आण इकडे.” कुमुदने रायफल सोडली नाही. “उद्या ससा मी आणते. रस्सा तुम्ही करा.”