भुऱ्याचे केस

"हे रेडकू गंगी म्हशीचं नाही," डॉ. मैथिली गोठ्याच्या दारातूनच म्हणाल्या आणि हातातला कागद त्यांनी कृष्णातपुढं धरला. "केसांवरून केलेल्या जनुकांच्या तपासणीत आई जुळत नाही. याचं नाव यादीतून काढावं लागेल."

कृष्णातला आधी हसूच आलं. "म्याडम, ह्या हातानं वडून भाईर काढलंय त्येला. गंगीचं न्हाय तर काय माझं हाय व्हय?"

डॉक्टर हसल्या नाहीत. अठरा-अठरा लिटर दूध देणाऱ्या म्हशींच्या पोटचे रेडे त्या गावोगाव शोधत फिरत होत्या. आईचा गुण पुरता उतरलेला रेडा सापडला की संशोधन केंद्र तो घेऊन जायचं, जन्मभर पोसायचं, आणि त्याच्या बीजापासून पुढं भरपूर दुधाच्या म्हशी तयार करायचं. बाकीच्या रेड्यांचं काय होतं ते कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. रेड्याला फुकट दूध पाजणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

"मग मंगळवारी व्यापाऱ्याच्या टेम्पोत घालतो," कृष्णात म्हणाला.

वैरणीच्या पेंढीवर बसलेल्या अंबूबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, चटकन मान वर केली. ह्या रेडकाला, भुऱ्याला, जन्मल्याबरोबर पोत्यानं चोळून तिनंच उभं केलं होतं. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं तो खातही नव्हता.

"त्ये केस भुऱ्याचं नव्हतं," ती म्हणाली. दोघं तिच्याकडं बघायला लागले, तशी ती खाली मान घालून पुढं म्हणाली, "त्या दुसऱ्या रेडकाचं मी उपटून दिलंतं."

महिन्यापूर्वी डॉक्टरांनी पाकीट कृष्णातकडं दिलं होतं आणि शिरोलीच्या फौंड्रीत पाळीला पळताना कृष्णातनं ते आईच्या हातात कोंबलं होतं. भुऱ्याच्या शेपटीचे वीस-पंचवीस केस, मुळासकट. अंबूबाई ते पाकीट मांडीवर घेऊन तासभर बसून राहिली होती. परक्याच्या हातात केस द्यायचा? विंचरताना निघालेला स्वतःचा गुंता ती सत्तर वर्षं चुलीत टाकत आली होती. केसावर करणी होते हे काय कुणी शिकवावं लागतं? शेवटी तिची नजर शेजारच्या दाव्याच्या रेडकाकडं गेली. दुसऱ्या म्हशीचं, हडकुळं. त्याला नाव ठेवायचंही कुणाच्या मनात आलं नव्हतं. काय व्हायचं ते ह्याचं होऊ दे, म्हणून तिनं त्याचे केस उपटले होते. आठव्या दिवशी ते रेडकू मेलं. तेव्हापासून तिला कसलीच शंका उरली नव्हती.

"पण दुसऱ्याचे का दिलेत, आजी?"

समोर उभ्या असलेल्या चांगल्या घरच्या पोरीला हे तोंडावर कसं सांगणार? "चुकलं," अंबूबाई म्हणाली. "म्हातारं मानूस मी."

"आणि ते दुसरं कुठंय?"

"मेलं की," कृष्णात म्हणाला.

"दूध पाजत होतात त्याला?"

कृष्णात गव्हाणीतली वैरण सारखी करायला लागला. दुधाचा इथं काय संबंध, ते अंबूबाईला काही कळलं नाही.

डॉक्टरांनी सुस्कारा टाकून पिशवीतून नवं पाकीट काढलं. "शुक्रवारी यादी बंद होते. आत्ता केस मिळाले तर पाठवते. पुन्हा मात्र नाही जमायचं."

अंबूबाई जागची उठली नाही. केस द्यावेत तर करणी, न द्यावेत तर मंगळवार. तिला त्या पोरीचा राग आला, कृष्णातचा आला, एवढ्या दुधाळ म्हशीच्या पोटी नर होऊन आलेल्या भुऱ्याचाही आला. डॉक्टर स्वतःच भुऱ्याच्या मागं जायला लागल्या तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"थांबा. लाथ मारंल तुमास्नी. मी देते."

ती चार-चार केस बोटाला गुंडाळून उपटत होती आणि दर वेळी भुऱ्याची कातडी थरथरत होती. पुरेसे झाल्यावर पदर सारखा करायच्या निमित्तानं तिनं हात डोक्याकडं नेला, कानामागचा स्वतःचा एक केस उपटला आणि त्या काळ्या केसांत मिसळून दिला. आपलं वय झालं. नातवंडं बघून झाली. जे काय यायचं ते वाटेत आपल्यावर यावं, रेडकापर्यंत जाऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं. जुडी डॉक्टरांच्या हातात देताना तिला जरा हलकं वाटलं.

डॉक्टर ह्या वेळी गाफील राहणार नव्हत्या. गोठ्याबाहेर उतरत्या उन्हात जाऊन एकेका केसाचं मूळ बघून त्या तो पाकिटात टाकू लागल्या. मधेच थांबल्या.

"आजी, तुमचा एक आला होता बघा ह्यात," त्या हसून म्हणाल्या आणि चिमटीतला लांब पांढरा केस त्यांनी वाऱ्यावर सोडून दिला.

उकिरड्याच्या बाजूला तो दिसेनासा होईपर्यंत अंबूबाई बघत राहिली. डॉक्टरांनी पाकीट चिकटवलं, त्यावर भुऱ्याच्या कानातला नंबर लिहिला आणि त्या गाडीत बसून गेल्या.

"सुटलं बघ तुझं रेडकू," कृष्णात खुशीत म्हणाला. "आता बसून खाईल जल्मभर." धारेची वेळ झाली होती. चरवी घेऊन तो गंगीच्या कासेखाली बसला.

अंबूबाईनं भुऱ्याचं दावं सोडलं. तो धडपडत गेला, कृष्णातला ढकलून आईच्या कासेला भिडला आणि ढुशा देऊन पिऊ लागला.

"अगं, डेअरीचं दूध हाय त्ये. वड की त्येला मागं."

"पिऊ दे," अंबूबाई म्हणाली. "आठ दिस तरी पोटभर पिऊ दे."