एकोणतीस तारखेची न्योकी

मिर्ताबाई जिना चढून वर आल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते. खालच्या पास्ताच्या दुकानातलं लाटणंही त्यांनी तसंच हातात आणलं होतं.

"कुठाय तो तुमचा शहाणा? जरा बाहेर काढा त्याला!"

वरची ती सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे सहा माणसं आणि एक कॉफीचं मशीन. मालक फाब्रिसिओचं भाषण नुकतंच संपलं होतं. मिर्ताबाईंच्या दुकानाचा नवा प्रोग्रॅम, गर्दीचा अंदाज बांधून कामाच्या पोरींना निरोप धाडणारा, एआयने आठवड्याभरात लिहिला; चाचण्याही त्यानेच लिहिल्या, सगळ्या पास. तेव्हा एक तारखेपासून एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचायची भानगड बंद. आता हे वाचायचं कामच नोएलिया करायची. एक तारखेपासून तिने काय करायचं, हे भाषणात नव्हतं. ती कोपऱ्यात बसून येर्बाचा कडू चहा नळीने ओढत होती. गप्प होती, म्हणजे तिच्या मानाने गप्प.

"स्वतःच पेपर काढला, स्वतःच सोडवला, स्वतःच तपासला," एवढंच ती म्हणाली होती. "शंभरपैकी शंभर. वा रे पठ्ठ्या!"

"काय झालं मिर्ताबाई?" फाब्रिसिओने विचारलं.

"आज तारीख काय?"

"एकोणतीस," सगळे एका सुरात म्हणाले. आणि मग एकमेकांकडे बघायला लागले.

खाली रांग पार कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली होती. एकोणतीस तारखेला न्योकी, म्हणजे बटाटा-मैद्याचे उकडलेले छोटे गोळे, खायची, ताटाखाली नोट ठेवायची, म्हणजे पुढचा महिना बरा जातो. आमच्या मोंतेविदेओत हे शेंबडं पोरही सांगेल.

"बटाटे उकडलेत, पीठ मळून तयार आहे, पण वळायला हात कुठायत?" मिर्ताबाईंनी लाटणं टेबलावर आपटलं. "तुमच्या त्या शहाण्याने सकाळीच माझ्या पोरींना परस्पर निरोप धाडला. 'आज गर्दी नाही, येऊ नका.' एक गेली समुद्रावर, दुसरी फोन उचलत नाही. तीस वर्षांत माझ्या दारातून एकोणतीस तारखेला माणूस रिकाम्या हाताने गेला नाही हो!"

नोएलियाने कोड उघडला. फार शोधावं लागलं नाही; यंत्राने स्वतःच टीप लिहून ठेवली होती. तिने ती मोठ्याने वाचली. "महिन्यातून एकाच दिवशी येणारा गिऱ्हाइकांचा हा आकडा अवाच्या सवा मोठा असल्याने चूक समजून वगळला आहे."

कोणीतरी फिस्सकन हसलं. फाब्रिसिओने घाईघाईने यंत्राला खडसावलं, "ती चूक नव्हे, खरी गर्दी आहे!" उत्तर लगेच आलं. "अगदी बरोबर बोललात! फारच मार्मिक निरीक्षण आहे तुमचं."

मिर्ताबाईंनी चष्मा वर करून ते वाचलं. "आमचे हे अस्सेच होते. 'बरोबर आहे गं तुझं' म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच."

"पण एकोणतीस तारखेचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं ना," फाब्रिसिओ म्हणाला.

"एकोणतीस तारीख काय सांगायची गोष्ट आहे?" नोएलिया उसळली.

"ते नंतर भांडा!" मिर्ताबाई म्हणाल्या. "आधी हात धुवा सगळ्यांनी."

पाच मिनिटांत अख्खी कंपनी खालच्या स्वयंपाकघरात, कमरेला पंचे गुंडाळून. रेडिओवर ढोल वाजत होते. पिठाच्या लांब वळ्या करायच्या, तुकडे पाडायचे, एकेक तुकडा काट्याच्या पाठीवरून अंगठ्याने घसरवायचा, की अंगावर रेघा उमटतात. ऐकायला सोपं. बातमी रांगेत पोचलीच होती. बगलेत थर्मास धरलेले एक आजोबा दारातूनच ओरडले, "काय इंजिनीयरसाहेब, न्योकीला पासवर्ड कुठला लावलाय?" अख्खी रांग खदखदली. फाब्रिसिओही हसला, हसताना त्याचा गोळा चपटा झाला.

पहिला ट्रे भरल्याबरोबर तो काउंटरकडे निघाला. मिर्ताबाईंनी लाटणं आडवं धरलं.

"कोणी बघितलं?"

"मी बघितलं की."

"इथे आपला ट्रे आपण पास करायचा नाही. दुसऱ्याला दाखवायचा. आपली चूक आपल्याला दिसत नाही बाबा, गिऱ्हाइकाच्या पातेल्यात विरघळली की दिसते. माझ्या आईलासुद्धा यातून सूट नव्हती."

सगळे मान खाली घालून भलतेच मन लावून गोळे वळायला लागले. त्यातले दोघं तर त्याच्या अगदी शेजारी होते. तरी फाब्रिसिओ त्यांना ओलांडून नोएलियासमोर जाऊन थांबला.

"जरा नजर टाकतेस?"

तिने पंच्याला हात पुसले, अगदी सावकाश. हा जाड, हा चपटा, ह्याला रेघाच नाहीत. असे निवडून तिने त्याच्या तळहातावर ठेवले.

"हे परत कर."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे जाऊ देत."

त्याने ते गोळे मोडले, पुन्हा मळले. मळता मळता खालच्या आवाजात म्हणाला, "नोएलिया, ते एक तारखेचं..."

"आधी हे नीट वळ."

बाहेर रांग पुढे सरकत होती. मिर्ताबाई पुडे बांधत होत्या, आणि आता ढोलांच्या तालावर गुणगुणतही होत्या. दुसरा ट्रे भरला तेव्हा फाब्रिसिओला काही सांगावं लागलं नाही. काउंटरकडे ढुंकूनही न बघता तो सरळ नोएलियाकडे आला आणि नाकाच्या शेंड्यावर पीठ घेऊन, ती बघेपर्यंत मुकाट उभा राहिला.