स्टेगलच्या कुरणातले खांब

चेंडू पाइपावर टणकन आदळला आणि गवतात पडला.

"पुन्हा," रॉइस स्टेगल म्हणाला.

मारिसेलानं पुन्हा किक मारली. चेंडू उंच गेला आणि उजव्या खांबाला लागून बाहेर पडला. रॉइसनं तोंडातली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली.

"तू आपली सॉकर खेळ, पोरी. त्यांचा गोल केवढा मोठा असतो. तिथं कोणाचंही भागतं."

"शाळेच्या मैदानावर जातात माझे चेंडू," ती म्हणाली.

"तिथं स्टँड आहेत, वारा अडतो. इथं उघड्यावर खरं काय ते कळतं."

तिचे वडील कुंपणाशी उभे होते. तेलविहिरीवरची पाळी संपवून ते तसेच आले होते. "सर, तिला आणखी एक संधी दिली तर?"

"ओन्तिवेरोस, या दोन खांबांमधून ज्याचा चेंडू जात नाही, त्यानं शाळेच्या संघाकडे फिरकू नये. माझ्या बापाचा नियम आहे हा. तुमच्या मुलीसाठी मी तो मोडू की काय?"

मुलीनं बूट काढले, पिशवीत टाकले आणि ती अनवाणीच गाडीत जाऊन बसली.

टेक्सासच्या त्या भागात फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूसाठी धिप्पाड पोरांनी एकमेकांवर आदळायचं. संघात किकर हा एकटाच असा, की ज्याच्या कपड्यांना माती लागत नाही. तो येतो, दोन उंच खांबांमधून चेंडू उडवतो आणि बाकावर जाऊन बसतो. एरवी गाव त्याची टिंगल करतं. सामना त्याच्या पायावर आला, की मात्र सगळे गप्प होतात.

असे किकर घडवण्यात व्हर्नन स्टेगलचं नाव होतं. जुने पाइप जोडून त्यानं स्वतःच्या कुरणात खांब उभे केले आणि तिथं जन्मभर पोरं शिकवली. कुरणात त्याच्या पोरांचे निम्मे चेंडू खांबांना आपटत. शुक्रवारी सामन्यात मात्र तीच पोरं चुकत नसत.

"वेळेला उभी राहतात ती," व्हर्नन मुलाला म्हणायचा. "तुझ्यात तो दम नाही."

रॉइस तेरा वर्षांचा असताना एका दुपारी त्याचे सगळे चेंडू बाहेर गेले. तेव्हाच बापानं त्याला तो नियम सांगितला. वर म्हणाला, "शाळेत जाऊन माझं नाव घालवू नकोस." त्यानंतर रॉइसनं चेंडूला पाय लावला नाही. तो जनावरांचं खाद्य विकू लागला आणि दर शुक्रवारी स्टँडच्या पार वरच्या पायरीवर बसून दुसऱ्यांच्या किका बघू लागला.

गेल्या हिवाळ्यात व्हर्नन वारला. रॉइसनं त्याची टोपी घातली, त्याची शिट्टी गळ्यात अडकवली. टोपीबरोबर बापाची अक्कलही आपल्या डोक्यात उतरली, असा त्याचा समज असावा. शाळेचे मुख्य कोच लॅटिमर यांनी त्याला एकच अट घातली होती. ऑगस्टपर्यंत एक किकर आणून दे, किकिंग कोचची जागा तुझी. ही बापाचीच जागा होती, आणि रॉइसला जन्मात दुसरं काही नको होतं.

पोरं आली तशी त्यानं घालवली. एकाला म्हणाला, तुझे पाय म्हणजे उकडलेल्या शेवया. दुसऱ्याला म्हणाला, तू बँडमध्ये ढोल वाजव. मारिसेला शेवटची होती.

दुसऱ्या दिवशी लॅटिमरनी कुरणाच्या फाटकाशी पिकअप थांबवली. खाली उतरले नाहीत.

"मिळालं कोणी?"

"कोणी नाही. सगळा भुसा आहे यंदा."

"ओन्तिवेरोसची मुलगी? शाळेत मी तिला पाहिलंय, रॉइस. बरी वाटली मला."

"बरी म्हणजे काय? डॅडींचे खांब तिनं नुसते बडवले. असला माल तुमच्या गळ्यात मारून डॅडींचं नाव घालवू?"

लॅटिमरनी त्याच्याकडे पाहिलं. "तिला काय सांगितलंस?"

"सांगायचं ते सांगितलं. आता ती फिरकायची नाही."

"तुझ्या हातून काही व्हायचं नाही. जागा मी दुसऱ्याला देतो," ते म्हणाले आणि पिकअप वळवून गेले.

रॉइसला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. जागा गेली, नियम राहिला. डॅडींनीही हेच केलं असतं, असं तो त्या आठवड्यात भेटेल त्याला ऐकवत होता. लोक मान हलवून आपल्या कामाला लागत.

शनिवारी वादळ झालं आणि गंजलेला डावा खांब कलला. बंद पडलेल्या एका शाळेचे खांब स्वस्तात मिळत होते. ते घेऊन कॉय ब्रॅनम आला. कॉय व्हर्ननचा सगळ्यात नावाजलेला चेला. तो कॉलेजकडून खेळला होता, आता क्रेन चालवत होता. त्याला पाहिलं की रॉइसच्या कपाळावर आठी यायची.

कॉयनं जुना सांगाडा उचलून गवतात आडवा ठेवला आणि नवा त्याच्या शेजारी टेकवला. दोन्हींची डावी टोकं एका रेषेत आली. जुना आडवा पाइप नव्याच्या जेमतेम मध्यापर्यंत पोचला.

रॉइस हसला. "हे काय उचलून आणलंस, कॉय? यातून तर माझी आजीसुद्धा मारेल. परत घेऊन जा."

"शाळेचेच आहेत हे. सगळीकडे एवढेच रुंद असतात."

रॉइसनं आपल्या पावलांनी नवा पाइप मोजला. मग जुना मोजला. मग पुन्हा नव्याशी येऊन उभा राहिला.

कॉय साखळी सोडवत होता. त्याचं लक्ष नव्हतं.

"व्हर्नन कोचनी जुने मुद्दाम अरुंद केले होते ना," तो हसत म्हणाला. "इथं निम्मे गेले, तर तिकडे एकही चुकत नाही. नवा पोरगा आला, की पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे, म्हणजे तो खचायचा नाही. तुला काय, घरातच ठाऊक असणार."