ठेंगणा पूल

"वाका! आणखी वाका! पूल काही वर सरकणार नाही," योशिए ओरडली आणि तिनं कळ दाबली. नावेचं छत घरघरत खाली येऊ लागलं.

जोडे काढून सतरंजीवर बसलेली पाचही माणसं वाकली. ऑस्ट्रेलियाहून आलेलं जोडपं खिदळत जवळजवळ आडवंच झालं. नागिसा वाकली. तिच्या उजव्या हाताला तिचे वडील शिगेमासा होते, डाव्या हाताला तिचे काका तात्सुओ. दोघे समोरासमोर होते. वडिलांनी मान पाण्याकडे वळवून वाकवली, काकांनी किल्ल्याकडे. अंधार झाला, शेवाळाचा वास आला, पुन्हा ऊन आलं. छत वर गेलं.

"झालं!" नागिसानं टाळी वाजवली. "बाबा, काका, दोघंही एकमेकांसमोर वाकलात. या ताई साक्षीदार आहेत."

"साक्ष देईन की," मागून योशिए म्हणाली. ती मात्सुए शहराच्या किल्ल्याभोवतीच्या खंदकात बारा वर्षं पर्यटकांच्या नावा चालवत होती. "पण पुलाखाली कासवंसुद्धा मान आत घेतात, तेही सांगावं लागेल."

तात्सुओ हसले नाहीत. "म्हणजे यासाठी बोलावलंस होय? मला सांगितलंस एकटीच येणार. यालाही तेच सांगितलं असशील."

"हो," नागिसा म्हणाली. "खरं सांगितलं असतं तर आला असतात का दोघं?"

तिचं लग्न एप्रिलात होतं. काकांनी तिला सायकल शिकवली होती, आणि त्यांनी लग्नाला यावं एवढीच तिची इच्छा होती. काकांचं उत्तर पत्रातून आलं होतं. तुझ्या बापानं एकदा माझ्यासमोर वाकून चूक झाली म्हणावं, मग येतो. वडिलांनी ते पत्र वाचलं, घडी घातली आणि ते मिठाया करायला दुकानात गेले. हा विषय निघाला की ते गेली अकरा वर्षं हेच करत होते.

"पुढच्या धक्क्याला मी उतरतो," तात्सुओ म्हणाले. त्यांनी जोड्यांची पिशवी जवळ ओढली. "दुपारची ओसाकाची गाडी मिळेल."

"काका, दहा मिनिटं तरी बसा."

"उतरू दे त्याला," शिगेमासा म्हणाले. ते ताठ बसले होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्यांच्या पाठीला बाक नव्हता. "बाबांच्या दहनाची वेळ ठरलेली होती. आमच्या मागे आणखी दोन घरची माणसं थांबली होती. मी नियमाप्रमाणे वागलो."

ऑस्ट्रेलियातल्या बाईनं कॅमेरा खाली ठेवला. भाषा कळत नव्हती, पण भांडण कळत होतं.

"मी नियम विचारलाच नव्हता," तात्सुओ म्हणाले. इतका वेळ ते पुतणीशी बोलत होते. आता ते थेट भावाशी बोलू लागले. "मी एक तास मागितला होता. गाडी बर्फात अडकली होती, मी अडकवली नव्हती. मी पोचलो तेव्हा बाबा अस्थींच्या डब्यात होते आणि डबा कापडात बांधलेला होता. राखेतली एकेक अस्थी दोघांनी मिळून चिमट्यासारख्या काड्यांनी उचलायची असते. तुझ्या काड्या एका बाजूनं, माझ्या दुसऱ्या बाजूनं. माझ्या जागी कोण उभं होतं?"

शिगेमासांनी नजर पाण्याकडे वळवली.

"सांग ना. सगळं गाव मला सांगून गेलं, तू मात्र कधी सांगितलं नाहीस."

"दहनगृहाचा नोकर."

"नोकर!" तात्सुओंनी जोडे पिशवीतून काढून पुढ्यात ठेवले. "बाबांनी त्याचं नाव तरी ऐकलं होतं का?"

पाण्यात एक बगळा उभा होता. नाव जवळ आली तरी तो हलला नाही. योशिएनं एरवी इथे त्याच्यावर विनोद केला असता. आज तिनं नुसती नाव थोडी डावीकडे घेतली.

"चांगला माणूस होता तो," शिगेमासा म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा लहान होता. "त्याचे हात स्थिर होते. माझे थरथरत होते. दोनदा अस्थी निसटली. तो म्हणाला, घरातलं दुसरं कोणी असेल तर थांबू या थोडं. मागच्या लोकांना मी समजावतो."

नागिसानं वडिलांकडे पाहिलं. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"तो थांबायला तयार होता?" तात्सुओंनी विचारलं.

"हो."

"मग?"

"मीच नको म्हणालो. थरथरणारे हात तू पाहू नयेस, असं वाटलं."

समोर धक्का दिसू लागला. धक्क्याआधी शेवटचा पूल होता, सगळ्यांत ठेंगणा. नाव त्याच्या सावलीत शिरत होती.

"वाका," योशिए म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही.

छत खाली आलं. सगळे वाकले. ऑस्ट्रेलियातलं जोडपंही हसलं नाही. पुलाचे लाकडी वासे डोक्यावरून वीतभर अंतरानं सरकत गेले. पाण्याचा आवाज मोठा झाला, मग लहान झाला. ऊन परत आलं.

"गेला पूल. बसा आता सरळ," योशिए म्हणाली आणि तिनं कळ दाबली. छत घरघरत वर गेलं.

जोडपं उठून बसलं. नागिसानं केस मागे सारले. तात्सुओ कमरेवर हात दाबत सरळ झाले आणि त्यांनी समोर पाहिलं.

छत डोक्यावर चांगलं दोन हात उंच गेलं होतं. शिगेमासा दोन्ही तळवे सतरंजीवर टेकवून, भावासमोर, वाकलेलेच होते.