सहानंतरचा टिपका

"मॅडम, मी कुटं दिसतोय?"

निवेदिताने स्क्रीन जवळ ओढली. "वेळापूरच्या पुढे. कॅनॉलच्या अलीकडे, उसाला लागून जे मोकळं रान आहे, तिथे."

"बरं मॅडम." बिरुदेवने फोन ठेवला.

हा फोन रोजचा होता. ऑफिस सुटण्याच्या सुमाराला बिरुदेव न चुकता विचारायचा आणि ती न चुकता सांगायची. फोनमधल्या अ‍ॅपचा टिपका स्क्रीनवरच्या नकाशात दिसला नाही तर हजेरी नाही, असा कंपनीचा नियम होता. अ‍ॅपच्या फोनची बॅटरी उतरते म्हणून तो साध्या बटणांच्या फोनवरून बोलायचा. माळशिरस तालुक्यात शेळ्यामेंढ्यांची औषधं विकण्याचं काम त्याच्याकडे होतं. ऑर्डरी वेळेवर यायच्या. तक्रार कधी नसायची.

ऑफिस सात रस्त्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर. जिल्हाभर फिरणाऱ्या विक्रेत्यांचे टिपके बघत बसणं हे निवेदिताचं काम. फोन ज्याचा त्याचा, रिचार्ज ज्याचा त्याचा, अ‍ॅप मात्र कंपनीचं, आणि ते रात्रीही चालू. कोण बारसमोर थांबतो, कोण दवाखान्यात बसून असतो, हे तिला न विचारता कळायचं. कळून घ्यायचं नव्हतं तरी कळायचं. तिच्याही फोनमध्ये तेच अ‍ॅप होतं. कुंभारीला घरी पोचल्यावर ती कधीकधी फोन तांदळाच्या डब्यात ठेवायची. टिपका दिसायचा तिथेच दिसायचा, पण तिला जरा बरं वाटायचं.

शनिवारी मॅनेजर राजशेखर सगळ्यांना एका कॉलवर घेत. त्या शनिवारी अक्कलकोटचा मंजुनाथ भडकला होता.

"साहेब, मी सासुरवाडीला दोन दिवस राहिलो. कधी जाणार म्हणून सासऱ्यानं विचारलं नाही, तुम्ही विचारलं! सहानंतर अ‍ॅप बंद करा. ड्युटी संपल्यावर आम्ही कुठं जातो ते बघायचा तुम्हाला काय हक्क?"

"बिरुदेवकडे बघा," राजशेखर म्हणाले. "रात्रीसुद्धा मेंढरांच्या तळावर असतो. त्याची आहे का तक्रार? काय रे बिरुदेव?"

"न्हाय साहेब. चालू ऱ्हाऊ द्या की."

"आले, साहेबांचे जावई आले!" मंजुनाथ म्हणाला. "अरे बाबा, तुझ्या गळ्यात घंटा बांधली, तू नाचतोस. आमच्या गळ्यात कशाला?"

सगळे हसले. बिरुदेवही थोडं हसला.

निवेदिता हसली नाही. बिरुदेवचा टिपका ती रोज बघत होती. सकाळी उठून तो संथ सरकायचा, या रानातून त्या रानात, दुपारी एखाद्या झाडाखाली थांबायचा, पुन्हा सरकायचा, आणि रात्रभर उघड्यावर पडून राहायचा. त्याचं घर माळशिरसमध्ये होतं. टिपका तिकडे फिरकतच नव्हता.

एकदा तिने विचारलंच. "बिरुदेव, घरी कधी जाता?"

"जातो की मॅडम. रोजच."

"टिपका तर तसं म्हणत नाही."

"टिपक्याचं काय मॅडम. त्यो आपला मेंढरांमागं."

"घरी कोण असतं?"

"बायकू हाय. आन् आण्णा, माजा बा. लई थकलाय. कानानं ऐकू येत न्हाय त्याला. लई काळजी वाटती."

नोकरीच्या भीतीने माणूस खोटं बोलतोय, हे तिला दिसत होतं. बहिरा म्हातारा अंधार पडेपर्यंत उंबऱ्यावर बसून पोराची वाट पाहतोय, असं काहीतरी डोळ्यांसमोर आलं आणि दिवसभर गेलं नाही.

पुण्याच्या मुख्य ऑफिसला लिहायचं तिने ठरवलं. राजशेखरना कुणकुण लागली.

"मॅडम, वर बोलू नका. पहिला टिपका तुमचाच पुसला जाईल."

"पुसू दे साहेब. मलाही कंटाळा आलाय दिसायचा."

तिने बिरुदेवच्या महिनाभराच्या फिरण्याचा नकाशा पाठवला. खाली लिहिलं, हा माणूस घरी जात नाही. उद्या रानात त्याला काही झालं तर कंपनी काय सांगणार? खाजगीपणाच्या तक्रारी पुण्याने आजवर कधी वाचल्या नव्हत्या. ही वाचली. आदेश आला, सहा वाजता सगळ्यांचं अ‍ॅप आपोआप बंद होईल. राजशेखरनी तिच्याशी बोलणं टाकलं, आणि पुढच्या महिन्यापासून तिला गोदामावर पाठवायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी ती मुद्दाम थांबली. सहाला सगळा जिल्हा स्क्रीनवरून विझला. लगेच मंजुनाथचा फोन आला.

"मॅडम, सासुरवाडीला निघालोय. बघा बरं, दिसतो का!"

"नाही हो, अजिबात नाही."

"तुमच्या तोंडात साखर पडो!"

पर्स उचलून ती निघणार तोच पुन्हा फोन वाजला.

"मॅडम, आज जरा उशीर झाला. मी कुटं दिसतोय?"

कितीतरी दिवसांनी ती मोकळं हसली. "कुठेच नाही, बिरुदेव. आता सहानंतर तुम्ही कुणालाच दिसणार नाही. सुटलात तुम्ही. घरी जा आता, आण्णा वाट बघत असतील."

"मॅडम," बिरुदेव म्हणाला, "मी घरीच हाय. त्यो फोन आण्णाच्या गळ्यात हाय, आमच्या मेंढरांमागं. आता भाकरी घिऊन मी कुटं जाऊ?"