अणदूरकर मॅडम

फोन आईचा होता, पण आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, म्हणून इरानं उचलला.

"अणदूरकर मॅडम ना?"

"हो."

"शुक्रवारी सकाळी उमरग्याला इंटरव्ह्यूला या. हायवेच्या पुलांचं काम आहे. तुम्ही पाठवलेलं ड्रॉइंग साहेबांना लई आवडलं."

इरा काही विचारणार, तोवर पलीकडून फोन ठेवला गेला.

ती फोनकडं बघतच राहिली. तिनं कुठंच अर्ज केला नव्हता. सिव्हिलची डिग्री घेऊन वर्ष झालं होतं आणि या वर्षात तिनं साधी रेघसुद्धा मारली नव्हती. रोज सकाळी तुळजापुरातल्या शाळेच्या मैदानावर ती मुलींना खो-खो शिकवायची. पुढंही हेच करायचं, त्यासाठी प्रशिक्षकाचा कोर्स करायचा, असं तिचं ठरलं होतं. वडलांना ते पसंत नव्हतं. आई त्यावर काही बोलायची नाही.

शाळा-कॉलेजात इराच्या नावापुढं नेहमी आईचाच नंबर असायचा. त्यामुळं हा उद्योग कुणाचा, हे तिला लगेच कळलं.

आई रिकामी बादली घेऊन खाली आली.

"उमरग्याहून फोन होता," इरा म्हणाली. "इंटरव्ह्यूला बोलावलंय."

आई पायरीवरच थांबली. "काय म्हणाले?"

"ड्रॉइंग आवडलं म्हणे."

"खरंच आवडलं म्हणाले?"

"आई, अर्ज तू केलास?"

"मीच केला. सांगणारच होते, पण..."

"पण काय? मी कधी पूल काढला? कसलं ड्रॉइंग पाठवलंस तू?"

आई उत्तर देणार तेवढ्यात इराचे वडील, बाबूराव, शाळेतून शिकवून आले. हेल्मेट काढता काढताच त्यांनी विचारलं, "कसला आरडाओरडा चाललाय?"

"मला इंटरव्ह्यूला बोलावलंय," इरा चिडून म्हणाली.

बाबूरावांचा चेहरा असा फुलला की तिला पुढं बोलवेना. हेल्मेट तसंच काखेत धरून ते देवघरापुढं जाऊन उभे राहिले. "घरात एक तरी इंजिनिअर कामाला लागू दे गं बाई," असं मोठ्यानं म्हणाले. आई बादली ठेवून म्हणाली, "अहो, ऐका तरी."

"चारुशीला, तू पण जा हिच्यासंगं," बाबूराव म्हणाले. "एकटी गेली तर नळदुर्गला उतरून परत यायची."

पुढचे दोन दिवस इराला काही सुचेना. शुक्रवारीच तिच्या मुलींची धाराशिवला मॅच होती. संघाची कॅप्टन शिवानी तिला सारखी फोन करत होती. "ताई, तुम्ही न्हाई आलात तर आमी कुणाकडं बघून खेळायचं?" इरानं कपाट उपसून कॉलेजच्या सगळ्या शीट काढल्या. त्यात एकही पूल नव्हता. वडलांचा तो चेहरा आठवला की नोकरी घ्यावी वाटायचं, शिवानीचा आवाज ऐकला की नको वाटायचं. आणि आईचा राग यावा, तर आई एवढी खुशीत होती की रागावताही येईना. पोळ्या लाटताना ती गुणगुणत होती.

शेवटी वडलांसाठी मॅच सोडून इरा निघाली. शुक्रवारी बसमध्ये आईनं खिडकी धरली. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती.

"माझी सर्टिफिकेटं घेतलीस का?" इरानं विचारलं.

"लागतील तेवढी कागदं घेतलीत."

नळदुर्ग मागं पडलं. इरानं पुन्हा विषय काढला. "खरं सांग, ते ड्रॉइंग कुणाचं?"

आई बाहेर बघत म्हणाली, "मी काढलंय."

इरा तिच्याकडं वळली. आईनंही लग्नाआधी सिव्हिल केलं होतं, हे तिला माहीत होतं. आजोळी पदवीच्या झग्यातला तिचा एक फोटो होता. पण घरात ती गोष्ट कुणी काढत नसे. पहिल्या वर्षाला इराच्या शीट आईच काढून द्यायची, तेवढाच काय तो त्या शिक्षणाचा उपयोग.

"म्हणजे तुझं काम माझ्या नावावर? ही फसवणूक झाली, आई. आत मला विचारलं तर काय सांगू?"

"तुला कुणी काही विचारणार न्हाई."

"असं कसं न्हाई विचारणार?"

"इरा, जरा ऐकून घेशील का माझं?"

"काय ऐकू? वर्षभर गप्प बसलीस, मला वाटलं तू तरी माझ्या बाजूची आहेस." तिचा आवाज चढला. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. इरानं तो बाजूला केला. मग उमरगा येईपर्यंत ती आईकडं पाठ करून बसली.

ऑफिस हायवेला लागून होतं. बाकावर पाच-सहा पोरं टाय लावून बसली होती. आई पाणी प्यायला उठली, तेवढ्यात शिपायानं दार उघडलं.

"अणदूरकर मॅडम, आत या."

आईला थांबवायची संधीच द्यायची नाही, असं ठरवून इरा तरातरा आत गेली. टेबलामागं पिकल्या केसांचे एक साहेब होते. पुढ्यात पुलाचं ड्रॉइंग पसरलेलं होतं. इरा बसली नाही.

"सर, आधीच सांगते. हे ड्रॉइंग माझं नाही. माझ्या आईनं काढलंय. आणि मला ही नोकरी नको."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी एकदा ड्रॉइंगकडं पाहिलं, एकदा इराकडं पाहिलं. त्यांना काही उमगलेलं दिसेना.

"मग तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

इराच्या मागं दार वाजलं. आई आत आली होती. तिनं पदरानं ओठ टिपले आणि ती इराच्या पुढं येऊन उभी राहिली.

"माफ करा, सर. ही माझी मुलगी. तुम्ही बोलावलंय ते मला."