तीन वर्षांपुढचा नासिर

नोकरी घ्यायची की नाही, हे नासिरला आज कळवायचं होतं. कंपनीने संगणकात त्याची प्रतिकृती घडवून तिला विशाखापट्टणममध्ये पुढची तीन वर्षं जगायला लावली होती. आता पडद्यावर तो तीन वर्षांपुढचा नासिर बसला होता, अंगाने जरा सुटलेला.

"काम चांगलं आहे," तो म्हणाला. "खिडकीतून समुद्र दिसतो. भाषाही येते हळूहळू."

शेजारच्या खोलीत अब्बा तंबोऱ्याच्या तारांखालची घोडी कानशीने घासत होते. झंकार खुलेपर्यंत घासायचं, हे मिरजेतलं त्यांचं आयुष्यभराचं काम. पण हल्ली त्यांना बारीक झंकार ऐकू येत नसे, म्हणून ते नासिरला विचारत.

त्यांनी तार छेडली. "बघ रे, खुलला का?"

नासिर बोलणार, तेवढ्यात पडद्यावरचा बोलला, "अजून नाही, अब्बा. थोडी घासा."

मग त्याने डोळे पुसले. "त्यांना परत एकदा छेडायला सांग ना. दोन वर्षं झाली रे."

कशाला दोन वर्षं झाली, ते नासिरने विचारलं नाही. त्याने उठून मधलं दार सताड उघडलं.